सात नंबरचा ओरडा

वॉर्डातल्या नर्सला सगळे मोजपट्टी म्हणत; तिच्या माघारी, अर्थात. बारा वर्षांच्या नोकरीत तिनं अंथरलेल्या चादरीला कधी सुरकुती पडली नव्हती, आणि तिला ओरडायची संधी कुणालाच मिळाली नव्हती. सात नंबरच्या खाटेवरच्या शिंपीकाकांनी मात्र तिला तीन दिवसांत टेकीला आणलं.

काकांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. टाके दुखतील म्हणून ते श्वास घ्यायचे तो चिमणीनं पाणी प्यावं तसा. आत येई तो भीत भीत, बाहेर जाई तो चोरपावलांनी. छातीत कफ साचू लागला. श्वासाच्या व्यायामाचं, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र तोंडाशी नेऊन मोजपट्टी सांगे, "नळीतून श्वास ओढा काका. गोळ्या वर गेल्या पाहिजेत."

"नातवाचं खेळणं दिसतंय. त्यालाच द्या," असं पुटपुटून काका भिंतीकडे तोंड करत.

चार वाजता घरची माणसं येत. काकू, लेक आणि जावई. तिघं जीव टाकत त्यांच्यावर, पण रोज काहीतरी गोंधळ घालूनच येत. एके दिवशी जावयाच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली. दुसऱ्या दिवशी लेकीच्या बाहीची तुरपाई उसवून लोंबणारी. तिसऱ्या दिवशी काकूंनी उशीला अभ्राच उलटा घातला, शिवण बाहेर.

"चाळीस वर्षं शिंप्याच्या घरात काढलीस," काका कडाडले, "आणि तुला उलटं-सुलटं कळत नाही? अगं, डोळे बांधून बोट फिरवलं तरी समजतं." ओरडता ओरडता त्यांना खोकल्याची उबळ आली, चेहरा लालबुंद झाला. पाच नंबरचा पेशंट नीट ऐकू यावं म्हणून उठून बसला.

मोजपट्टी धावत आली. "पेशंटला शांतता हवी आणि तुम्ही रोज त्यांचं डोकं फिरवता. दोन दिवस कुणी आत यायचं नाही."

जावई काही बोलणार होता, पण ती दाराकडे बोट दाखवून मोकळी झाली होती.

वॉर्ड शांत झाला. काका शांत, उशी शांत, अभ्रा सुलटा. बंदीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना ताप चढला. नाकाला ऑक्सिजन लावूनही बोटावरच्या चिमट्यातला आकडा चौऱ्याण्णववरून एकोणनव्वदवर उतरला.

"छाती भरलीय," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत कफ सुटला नाही तर आयसीयूत हलवू. घशातून नळी घालावी लागेल."

या वयाची माणसं त्या नळीपासून नेहमीच माघारी येत नाहीत, हे मोजपट्टीला ठाऊक होतं. ती घरच्यांना सांगायला बाहेर आली. तिघं दोन दिवसांपासून बाकावरच बसलेले, आणि भांडत होते.

"आज माझा नंबर," लेक म्हणत होती.

"तुझा होऊन गेला. मी कॉलर आत दुमडून बसलोय कालपासून," जावई म्हणाला.

"कसला नंबर?" मोजपट्टीनं विचारलं.

"ओरडा खायचा," तो ओशाळून म्हणाला.

काकूंनी तिला शेजारी बसवलं. "असं आहे बाई, मोठा श्वास घ्या म्हटलं की हे घेत नाहीत. चूक दिसली की आपोआप घेतात. छाती भरल्याशिवाय ओरडा निघतो होय?"

मोजपट्टी म्हणाली, "मला सांगायचं तरी."

"तुम्ही तोंड उघडू दिलंत कुठं?"

तिनं खाली मान घालून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. काकूंचा हात पदरावर थांबला. त्या म्हणाल्या, "आम्ही आत येऊन उपयोग नाही. दोन दिवस दिसलो नाही म्हणून हे रुसले असतील. मी डोक्यावर उभी राहिले तरी बघायचे नाहीत. आता तुम्हीच चुका."

"मला नाही जमत," मोजपट्टी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला याची लाज वाटली.

"त्यात काय, मी शिकवते." काकूंनी पिशवीतून सुईदोरा काढला. "तुमच्या कोटाचं खालचं बटण तोडा. त्यांच्यासमोर बसून लावा, वेडंवाकडं."

मोजपट्टी खाटेला चिकटून स्टुलावर बसली आणि एक टाका मुद्दाम भलतीकडे घातला. काकांनी अर्धा डोळा उघडला.

"नाटक," ते कुजबुजले. "आमच्या हिनं पाठवलंय तुम्हाला." डोळा मिटला. आकडा अठ्ठ्याऐंशी.

तिची नजर आकड्यावरून हटेना. निदान बटण तरी धड लावू, म्हणून तिनं सहा टाके घट्ट घातले, गाठ मारली, दोरा तोडला आणि उठली. तिच्याबरोबर चादरही उठली. कोटाखाली आलेली चादरीची कड तिनं बटणासकट शिवून टाकली होती.

काकांनी दोन्ही डोळे उघडले. श्वास आत गेला, खोल, पार टाक्यांपर्यंत. खांदे वर चढले.

"अहो बाई, कोट शिवताय की तंबू? सुईखाली काय आहे ते डाव्या हातानं चाचपावं, एवढंही कुणी शिकवलं नाही? माझ्या पोटावरचे टाके तुम्हीच घातलेत की काय?"

ओरडा खाताना मान खाली घालायची असते हे तिला माहीत नव्हतं. लेकीनं दारातून खुणेनं दाखवलं, तशी तिनं घातली. उबळ आली. खाटेला शिवलेली मोजपट्टी वाकली, त्यांच्या पोटाशी उशी दाबून धरली, दुसऱ्या हातानं भांडं पुढे केलं. कफ सुटला. मग आणखी सुटला.

"आणि दोरा केवढा घेतलात..."

"चुकलं काका. आधी श्वास घ्या, मग बोला."

काकांनी मुकाट्यानं घेतला. बोलायचं बरंच शिल्लक होतं.

डॉक्टर आले तेव्हा तिला उठून उभंही राहता येईना. त्यांनी काकांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. आकडा पाहिला, त्र्याण्णव. "इथंच राहू द्या. सकाळी एक्स-रे बघू. काय दिलंत यांना?"

ती चादर सोडवायला वाकली, तोवर काकांनी पुन्हा छाती भरून घेतली. "डॉक्टर, या बाईंना आज लवकर घरी सोडू नका. हाताला अजिबात वळण नाही."

"मामा," दारातून जावई म्हणाला, "माझी कॉलर..."

"थांबा हो जावईबापू. आधी यांचं होऊ दे."