इवायाच्या घरची पाहुणी

अकोल्याहून कॉफी परत आली की सूर्यभानजी सगळ्यात आधी तिचा वास घेत. मग मैनाबाईंना घ्यायला लावत.

"खोबऱ्याचा हाय का?"

"शाम्पूचा हाय," मैनाबाई म्हणत. "कुत्र्याच्या आंगाले शाम्पूचा वास आला तं बिघडलं कुठं?"

बिघडलं नव्हतंच, आणि नेमकं तेच सूर्यभानजींना सहन होत नसे.

कॉफी ही त्यांच्या मुलीची, रागिणीची, तपकिरी लॅब्राडोर कुत्री. रागिणी आणि जावई नितेश यांना जर्मनीत नोकऱ्या लागल्या आणि कॉफीला पुण्याचं घर सोडून वऱ्हाडात यावं लागलं. आली ती दोन घरांत वाटून. एक महिना अमरावतीला राजापेठेत सूर्यभानजींकडे, एक महिना अकोल्याला नितेशच्या वडिलांकडे, म्हणजे नत्थुजींकडे. इतरत्र ज्यांना व्याही म्हणतात त्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. शब्द आखूड झाला म्हणून नात्यातली भानगड काही कमी होत नाही.

दिवाळीत लेक-जावई येणार होते आणि कॉफी कायमची कुठं राहणार ते तेव्हा ठरणार होतं. जिथं ती जास्त खूश दिसेल तिथं, असं रागिणी सहज बोलून गेली होती. त्या बोलण्यानं दोन जिल्ह्यांतल्या दोन निवृत्त माणसांची झोप उडाली.

सूर्यभानजी पाटबंधारे खात्यातले. नोकरीत असताना ते म्हणतील तेव्हा पाणी सुटे आणि ते म्हणतील तेव्हा थांबे. निवृत्तीनंतर त्यांचं ऐकणारं काही उरलं नव्हतं. नळसुद्धा आपल्या मर्जीनं यायचा. अशात ही कुत्री घरात आली. ते बोलू लागले की ती मान वाकडी करून, कपाळाला आठी घालून शेवटपर्यंत ऐकायची. धरणाच्या दाराची जी गोष्ट मैनाबाई पहिल्या वाक्यालाच उठून टाळत, ती कॉफीनं अनेकदा पूर्ण ऐकली होती. असा श्रोता अकोल्याला जाऊ द्यायचा म्हणजे काय.

पण नत्थुजी कच्चे नव्हते. ते शाळेत विज्ञान शिकवत असत, त्यामुळे परिवाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा प्रत्येक फोटो एका धड्यासकट यायचा. कॉफीचे कान पुसताना फोटो, खाली मजकूर: कान ओले राहिल्यास बुरशी वाढते. कॉफीला विंचरताना फोटो, खाली: लॅब्राडोरला केसांचे दोन थर असतात, उन्हाळा आहे म्हणून केस भादरू नयेत. जर्मनीहून रागिणीचे लाल बदाम ओळीनं यायचे. सूर्यभानजींनीही एकदा ब्रश हातात घेऊन फोटो टाकला. त्यावर रागिणीनं विचारलं, बाबा, हा सोफ्याचा ब्रश आहे का. पुढच्या फोटोला नुसता अंगठा आला. तोही पिवळा.

त्या अंगठ्यानं त्यांना दुकानात नेलं. राजापेठेत शिकवणीवर्गांच्या पाट्यांमध्ये दबलेलं एक दुकान आहे, कुत्र्या-मांजरांच्या वस्तूंचं. ते चालवणाऱ्या वर्षालीनं कुत्रीचं वय विचारलं, वजन विचारलं, ऑपरेशन झालंय का, फिरते किती, खाजवते का, सगळं विचारलं. सूर्यभानजींनी उत्तर म्हणून मोबाइल पुढं केला. नत्थुजींच्या एका फोटोत मागे कोपऱ्यात खाण्याची पिशवी दिसत होती. ती त्यांनी बोटांनी मोठी करून दाखवली.

"याच्याहून भारी पायजे."

वर्षालीनं समजावून पाहिलं, की खाण्यात भारी-हलकं असं नसतं. पिल्लाचं वेगळं, मोठ्याचं वेगळं, म्हाताऱ्याचं वेगळं. कॉफी पाच वर्षांची, ऑपरेशन झालेली, घरातच बसणारी, तिला कमी चरबीचं लागेल. आणि खाणं बदलायचं तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदलायचं, एकदम नाही. सूर्यभानजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ज्या पिशवीवरचं कुत्रं सगळ्यात जोरात पळत होतं ती उचलली. ती वाढत्या पिल्लांची होती.

मग चघळायच्या वस्तू. नत्थुजींनी कॉफीला रबराचा पोकळ गोळा घेतला होता, ज्यात खाऊ भरून देतात. वर्षालीनं तसाच गोळा काढून दाखवला आणि सांगितलं, काका, नख दाबून बघा, नख रुतलं तर दाताला चालतं. रुतलं नाही तर दात जातो. सूर्यभानजींनी नख दाबलं, ते रुतलं, त्यामुळे ती वस्तू त्यांना पिचकी वाटली. त्यांनी खलबत्त्याच्या दांड्याइतकं मोठं वाळलेलं हाड घेतलं. अकोल्याच्या रबराला अमरावतीचं हाड, असा त्यांचा एकंदर विचार होता. आंघोळीचंही तसंच. नत्थुजी महिन्यातून एकदा घालतात ना, मग आपण दिवसाआड. कुत्र्यांचा शाम्पू संपला तेव्हा मैनाबाईंचा घेतला. शिकेकाईचा होता, म्हणजे औषधीच.

आता यात नुसती स्पर्धा नव्हती, रीतही होती. वऱ्हाडात इवायाच्या घरचं कोणी आलं तर त्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. तो नको म्हणेल, हात आडवा धरेल, ताटावर ओणवा होईल. त्याच्या बोटांच्या फटीतून वाढायचं. कॉफी नितेशच्या नावावर होती, म्हणून अमरावतीच्या हिशेबानं ती अकोल्याच्या इवायाची पाहुणी. रागिणीनं ती हौसेनं आणली होती, म्हणून अकोल्याच्या हिशेबानं ती अमरावतीच्या इवायाची. दोन्हीकडे तिचं ताट रिकामं दिसलं की वाढलं जाई. आणि माणसासारखा हात आडवा धरायची तिला सवय नव्हती.

अदलाबदल मूर्तिजापूरजवळच्या एका ढाब्यावर होई. दोन्ही इवाई आपापल्या गाड्यांतून उतरत, राम राम करत, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत आणि कॉफीकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत. दोघंही रिकाम्या हातानं पाठवणारे नव्हते. नत्थुजी तिच्यासोबत शेंगदाण्याचे लाडू देत, सूर्यभानजी तूप. पाऊस संपत आला तेव्हाच्या अदलाबदलीत कॉफी सूर्यभानजींच्या गाडीत बसली खरी, पण मागच्या काचेला नाक लावून नत्थुजी दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. सूर्यभानजींनी आरसा फिरवून टाकला. बडनेरा येईपर्यंत ते मागून कोण येतंय हे न बघता गाडी चालवत होते.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिचं पोट बिघडलं. दर वेळी बिघडायचं. अकोल्याचं पाणी, सूर्यभानजी म्हणाले. अंगावर कोंडा धरला होता, ती सारखी खाजवत होती. अकोल्याची हवा. मग एका संध्याकाळी हाड चघळता चघळता ती कुईं करून उठली आणि त्या रात्री जेवली नाही. हे मात्र अकोल्यावर ढकलता येण्यासारखं नव्हतं.

प्राण्यांच्या डॉक्टर साधनाताईंनी तोंड उघडून पाहिलं. मागच्या दाढेचा कपचा उडाला होता.

"दात कुठं तुटला?"

"रस्त्यात," सूर्यभानजी म्हणाले.

 साधनाताईंनी कॉफीला वजनकाट्यावर चढवलं, कातडी पाहिली, खाणं विचारलं. सूर्यभानजींनी पिशवीचं नाव सांगितलं. वरून पोळी, वरण, तूप, शेवया हे मैनाबाईंनी सांगितलं, कारण त्या खोटं बोलत नसत. डॉक्टरांनी एकेक करून समजावलं. खाज माणसांच्या शाम्पूची आणि दिवसाआडच्या आंघोळीची. पोट बिघडतं ते महिन्याच्या महिन्याला एका दिवसात खाणं बदलतं म्हणून. वजन तर इतकं वाढलंय की सांधे जातील.

"कुत्री कोनाची हाय?" त्यांनी केसपेपरवर लिहायला विचारलं.

"इवायाची."

"मग हिले घर कुठं हाय?" साधनाताई पेन थांबवून म्हणाल्या. "दोनीकडं पाहुनीच दिसते. आपन पाहुन्याले कवा नाई म्हनतो का?"

मैनाबाईंकडून नंबर घेऊन साधनाताईंनी रागिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. रागिणीनं त्याच रात्री निकाल दिला. वाटणी बंद. डॉक्टर अमरावतीत आहेत म्हणून दिवाळीपर्यंत कॉफी अमरावतीतच. डॉक्टरांनी सांगितलेलं एकच खाणं, मोजून. दिवाळीत वजन उतरलेलं दिसलं तर कायमची तिथंच राहील. नाही उतरलं तर अकोला. नत्थुजींनी ग्रुपवर एका शब्दात उत्तर दिलं: योग्य. खाली धडा नव्हता. सूर्यभानजींनी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला आणि त्यात इवायाचा डाव शोधला.

त्यानंतर त्यांच्या आयुष्यात असे दिवस आले, जसे नोकरीतही आले नव्हते. सकाळी मापानं दाणे, संध्याकाळी मापानं दाणे. हाड गेलं, रबराचा गोळा आला, त्यात भरायचे दाणेही त्याच मापातले. आठवड्यातून दोनतीनदा रबरी दातांच्या ब्रशनं विंचरायचं, आंघोळ नाही. कॉफीचा कोंडा गेला, केस चकाकू लागले, कंबर नावाचा अवयव तिला परत मिळाला. फक्त ती आता गोष्ट ऐकायला थांबत नव्हती. सूर्यभानजी धरणापाशी पोचले की ती मान सरळ करून स्वयंपाकघराकडे जायची आणि मैनाबाईंच्या पायाशी बसायची. काही मिळत नसे, पण तिथं निदान आशेला जागा होती. सूर्यभानजी खुर्चीतून ते बघायचे. सदतीस वर्षांच्या संसारात बायकोचा असा मत्सर त्यांना पहिल्यांदाच वाटत होता.

दिवाळी तोंडावर आली असताना नत्थुजींचा फोन आला. भातकुलीला एका नातेवाइकाकडे साखरपुडा, म्हणजे आमचं साक्षगंध, आहे, परतताना जेवायला येतो. सूर्यभानजींनी फोन ठेवला आणि साक्षगंध खरोखर आहे का याची भातकुलीतल्या एका ओळखीच्याकडे चौकशी केली. होतं.

इवाई जेवायला येणार म्हटल्यावर रोडगे आलेच. मैनाबाईंनी सकाळपासून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, तूप पातळ करून ठेवलं. नत्थुजी आले. कॉफीनं त्यांना पाहिलं आणि शेपटीनं दारातली छत्र्यांची बादली पाडली. पुढच्या दोन पायांनी त्यांच्या सदऱ्यावर चढली, त्यांचे कान चाटले, मध्येच एकदा थांबून रडल्यासारखा आवाज काढला आणि परत चाटले. नत्थुजींचा चष्मा खाली पडला. तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

"वाळली हो," ते तिच्या कमरेवरून हात फिरवत म्हणाले. "खायाले देता का नाई?"

"डॉक्टर सांगते तेवढं देतो," सूर्यभानजी म्हणाले.

जेवायला बसले. कॉफी कोणाजवळ बसेल हे सूर्यभानजींना ठाऊक होतं, तरी त्यांनी पाहिलं. ती नत्थुजींजवळ बसली. मैनाबाईंनी रोडगा कुस्करून त्यावर तूप ओतलं, नत्थुजींनी हात आडवा धरला, मैनाबाईंनी रीतीप्रमाणे फटीतून ओतलं. गप्पा साक्षगंधाच्या चालल्या होत्या. पण सूर्यभानजींची नजर नत्थुजींच्या डाव्या हातावर होती. तो हात मांडीवर होता. मग मांडीखाली गेला. त्यात तुपानं ओथंबलेला रोडग्याचा तुकडा होता.

इवायाला जेवताना टोकणं म्हणजे काय, हे सूर्यभानजींना कोणी सांगायला नको होतं. अशा गोष्टीवरून माणसं तेरवीलाही एकमेकांच्या घरी गेलेली नाहीत. गप्प बसलो तर एक तुकडा जाईल, मग दुसरा. दिवाळीत काटा काय सांगायचं ते सांगेल. कॉफीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. लाळेची तार नत्थुजींच्या धोतरावर लोंबत होती.

"इवाई," सूर्यभानजी म्हणाले, "हात वर घ्या."

मैनाबाईंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. नत्थुजींनी हात वर घेतला नाही.

"पाहुन्याले ताटावर टोकता का?"

"तुमाले नाई टोकलं. तिले नाई म्हनलं." सूर्यभानजींचा आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला. "ती पाहुनी नाई आता. तुमी हाय. तुमी खा, लागन तेवढं खा. तिले देऊ नका."

बाहेर शिकवणीवर्ग सुटला होता. दुचाक्यांचा कलकलाट घरात शिरला आणि दूर गेला. मग नत्थुजींनी तो तुकडा आपल्याच ताटात ठेवला, तुपाचा हात दुसऱ्या हाताला पुसला.

"माह्या घरी ती माह्या ताटात जेवे," ते म्हणाले. "मले ठाऊक होतं बरोबर नाई ते. विज्ञान शिकोलं हाय म्या. पन ती पाहे नं, तं माह्याच्यानं नाई म्हनवत नव्हतं." मग म्हणाले, "मी आजच पोरीले सांगतो. कॉफी इथंच राहू द्या म्हना. तुमच्याच्यानं होते ते. कठीन काळजाचे हाय तुमी."

सूर्यभानजी जिंकले. इवायानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, मैनाबाईंच्या देखत, वजनकाट्यावर चढण्याच्याही आधी. यापरता विजय पाटबंधारे खात्यात कोणाला मिळाला नसेल. त्यांनी त्या आनंदात कॉफीकडे पाहिलं.

कॉफी तुकडा गेलेल्या दिशेनं पाहत होती. मग तिनं एक लांब श्वास सोडला, सूर्यभानजींकडे पाठ फिरवून खाली बसली आणि हनुवटी नत्थुजींच्या पायाच्या पंजावर ठेवून डोळे मिटले.

मैनाबाईंनी आणखी रोडगे वाढले. नत्थुजी जेवले, ताक प्यायले, हात तिथंच ताटात धुतले, पण उठले नाहीत. साक्षगंधाच्या गप्पा संपल्या, नवऱ्या मुलाच्या पगाराच्या संपल्या.

"इवाई," सूर्यभानजी शेवटी म्हणाले, "पाय आखडून घ्या. मुंग्या येतीन."

"आल्या केवाच्याच," नत्थुजी म्हणाले, आणि पाय तसाच राहू दिला.