काळजी करण्यासारखं काही नाही

लोकरीचा मोजा — अंगठ्याएवढा, पिवळा, एका टोकाला धागा सुटलेला — पिशवीतून तपासणीचे कागद काढताना टेबलावर पडला, आणि मावशींनी तो उचललाच नाही, समोर बसलेल्या, रुग्णालयातल्या मदतनीस मुलीला नीट दिसावा म्हणून तसाच राहू दिला. लेकीला मुलगा झाला होता. तीन महिने मावशी लेकीकडेच होत्या.

तीन महिने! डॉक्टरांचे शब्द तिच्या डोक्यात अजून घणघणत होते — "गाठ दुप्पट झालीय. आता आधी केमो, मग ऑपरेशनचं बघू… जमलं तर. तुम्ही होतात ना यांच्या मागे?" होते की! कर्करोगाच्या माणसांचं अडलंनडलं बघणं, त्यांना वेळेवर उपचारांपर्यंत आणून सोडणं, हेच तर इथलं तिचं काम. याच मावशींसाठी तिने स्कॅनवाल्यांच्या हातापाया पडून लवकरची वेळ मिळवली, गाडीची सोय केली, राहायला खोली बघितली… आणि बाई आल्याच नाहीत. नंतर फोनही बंद. आज चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच ती बसली होती.

"अहो मावशी, सगळं ठरलं होतं. मग आला का नाहीत?"

"अगं, तूच म्हणालीस ना फोनवर?" मावशी हसल्या. "'काळजी करण्यासारखं काही नाही, या तुम्ही निवांत.' मग म्हटलं, आधी लेकीचं बाळंतपण उरकावं. तू तसं म्हणाली नसतीस ना, तर धावत आले असते बाई."

तिला आपलेच शब्द आठवले. म्हणाले होते… सगळ्यांनाच म्हणते. घाबरलेलं माणूस घरीच बसतं, म्हणून आवाज मऊ ठेवायचा, 'निवांत' म्हणायचं, हे ती नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकली होती, आणि माणसं येत होती — म्हणजे जी आली ती आली. जी आली नाहीत त्यांना ती भित्री, बेफिकीर समजत राहिली. ते शिंपीकाका… ती शाळेतली बाई… नाही, नको. मी धीर देत होते. धीरच देत होते ना?

मावशी खुर्ची पुढे ओढून निर्धास्त बसल्या.

"डॉक्टर काय बोलले ते मेलं मला काही कळलं नाही. तू सांग. तुझा आवाज ऐकला की कसं बरं वाटतं."

तिने तोंड उघडलं, आणि तोच आवाज, मऊ, सवयीचा, जिभेवर येऊन तयार बसलेला तिला जाणवला. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली. आणि दुसरा आवाज तर तिच्याकडे नव्हता.