घट बसलेल्या घरातली फवारणी

फवारणी उरकल्यावर विमल नलवडे घरी आली, तेव्हा घरातलं सगळं उताणं पडलं होतं. कपाट पाठीवर, टेबल-खुर्च्या पाय वर करून. आणि त्यांच्या मधोमध तिचे यजमान, हणमंतराव, हातपाय छताकडे करून निवांत पडलेले. देवीचा घट तेवढा जागच्या जागी होता आणि त्याच्यापाशी दिवा तेवत होता.

आता कुणी म्हणेल, औषध मारताना माणूस घरात ठेवावाच कशाला? पण नवरात्र चालू. झुरळं थेट नैवेद्याला तोंड लावायला लागली, मग विमल थांबते कशाला? आणि घट बसलेल्या घराला कुलूप लावत नाहीत, अखंड दिवा एकटा सोडत नाहीत. फवारणीवाला कानीकपाळी ओरडून गेला होता, की संध्याकाळपर्यंत आत कुणी थांबू नका, नंतरही चपला घालूनच वावरा. त्यावर हणमंतराव म्हणाले होते, "मी बसतो दिव्यापाशी. मला काय धाड भरतेय?"

"उठा," विमल उंबऱ्यातूनच म्हणाली.

"उठतोय की. तू आधी दिव्यात तेल घाल, संपत आलंय."

हातपाय मात्र वरच राहिले. तिनं फवारणीवाल्याला फोन लावला.

"उताणं पडलंय ना? मग औषध लागू झालं," तो म्हणाला.

"अहो, माझा नवरा आहे तो."

"असू दे की. झाडून घ्या. पुसू मात्र नका, असर जाईल."

देवीसमोर चपला घालून जाणं विमलच्या जिवावर आलं. तिनं त्या दारातच काढल्या आणि आत गेली. यजमानांना कुशीवर वळवलं, बसतं केलं, पाठीला उशी दिली. हात सोडला की ते सावकाश मागे कलायचे आणि हातपाय वर जायचे.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तेल बघ."

ती तेल घालत होती तेव्हा तिचे पाय फरशीवरून उचलले गेले. पडल्याचा आवाजही झाला नाही. ती यजमानांच्या शेजारी होती आणि समोर छत होतं.

"आलीस का?"

"आले."

छत मघापेक्षा कितीतरी वर गेलं होतं.

"मोहना येईल आता आरतीला," हणमंतराव म्हणाले.

मोहना म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, शेजारच्याच गल्लीत दिलेली. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते. विमल म्हणाली, "तिला दारातूनच परत लावायची. आपलं व्हायचं ते होवो."

दार वाजलं. विमलनं होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली, "आत येऊ नकोस बाळा. माघारी जा."

"आई, पुटपुटतेस काय अशी?" दारातून मोहना म्हणाली. "थांब, जवळ येऊन ऐकते."

विमल पुन्हा ओरडली, आणि मोहना आणखी जवळ आली. तिचा चेहरा दिसेना. दिसला तो तिचा अनवाणी तळवा, वरून खाली येणारा, बाळंतपणाच्या आधीच सुजलेला. विमलचे हात वर होतेच. तो फरशीला टेकू नये म्हणून तिनं दोन्ही पंजे त्या तळव्याखाली धरले, आणि मोहनानं पावलावर सगळा भार टाकला.