जावळासकट व्हिएन्ना

एप्रिलमध्ये व्हिएन्नाला जाणाऱ्या माणसानं काय काय न्यावं, हे कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. कुणी गेलेलं नाही, एवढंच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दशम्या ने, चार दिवस टिकतात. त्यांची जाऊ म्हणाली, स्वेटर कशाला, तिकडे आता वसंत असतो, फोटोसाठी एक शिफॉनची साडी ने. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका काकांनी सांगितलं, नळाचं पाणी अजिबात प्यायचं नाही. आणि सगळ्यांचा शेवटचा सल्ला एकच: पोरगी लहान आहे, जाऊच नको.

माझा नवरा इंद्रजित तिथं राहूनही काही कामाचा नव्हता. तळोज्याच्या त्याच्या कंपनीनं त्याला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवलंय. फोनवर म्हणायचा, "अगं, मस्त वेदर आहे." मस्त म्हणजे किती? सकाळी किती, संध्याकाळी किती, वारा आहे का? शेवटी मीच शोधलं. सकाळी पाच-सहा डिग्री, दुपारी ऊन. म्हणून एक जाड स्वेटर नको, पातळ कपडे एकावर एक, आणि कान झाकणारी टोपी. रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारीच आणून ठेवायचं. नळाला डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येतं, बिनधास्त प्यायचं. लिफ्टमधल्या काकांना मी हे मुद्दाम जाऊन सांगितलं.

मी काळजी करणारी बाई आहे. गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यातून परत येते. पियू, म्हणजे आमची दीड वर्षाची प्रियदर्शिनी, गाढ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वेळ आली की माझ्यावरच उलटवतात.

"पनवेलला लग्नाला जायचं तर तू धा वेळा पिशवी तपासतीस," सासूबाई म्हणाल्या, "आणि एकटी पोरीला घेऊन इमानात बसणार?"

"बसणार. जो घाबरतो तोच नीट तयारी करतो, आई."

"मग पोरीला ठेव हितं. तू जा. नवऱ्याला भेट, हिंड-फिर."

त्यावर मी फक्त "नाही" म्हणाले.

खरी अडचण तिकिटं काढल्यावर समजली. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. चैत्री पौर्णिमा. साताऱ्याकडच्या आमच्या गावी त्या दिवशी भैरोबाची जत्रा असते, आणि यंदा त्या जत्रेत पियूचं जावळ काढायचं होतं. देवापुढं, मामाच्या मांडीवर बसवून, जन्मापासूनचे केस पहिल्यांदा उतरवायचे. माझा भाऊ निखिल त्यासाठी रजा टाकून बसला होता. आणि आमचं विमान पौर्णिमेच्या आधीच.

"जावळ काढल्याबिगर पोरीला समुद्रापार न्यायची न्हाई," सासूबाईंनी जाहीर केलं.

"पुढच्या चैत्रात काढू की. भैरोबा कुठं जातोय?"

"भैरोबा न्हाई जात. मी गेले तर?"

"मला इथं एकटीला राज्य करायला सोडून? तुम्ही नाही जायच्या."

सासरे पेपरामागं हसले. आयुष्यभर वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहिलेला माणूस, घरातलं वजन मात्र कधीच उचलत नाही.

सासूबाईंनी मग लेकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी इंद्रजित मला म्हणाला, "आई एवढं म्हणतेय, तर राहू दे ना पियूला. आपण दोघंच फिरू."

"अरे, ती फोनलाच बाबा म्हणते. परवा बॅटरी संपली तर स्क्रीन थोपटत म्हणाली, बाबा जोजो. परत येशील तेव्हा तुझी ओळख काय म्हणून करून देऊ? चार्जर म्हणून?"

त्यानं विमान किती वाजता उतरतं ते विचारलं. मग म्हणाला, "घेऊन ये."

त्यानंतर सासूबाईंनी विषयच सोडला. बॅगेत कांदा-लसूण मसाल्याची पुडीसुद्धा ठेवली. त्या भांडतात तोवर मला काही वाटत नाही. त्या गप्प बसल्या की मी सावध होते.

म्हणून त्या शुक्रवारी बेलापूरच्या ऑफिसातून मी डोकं दुखतंय सांगून लवकर निघाले. सोसायटीच्या गेटवर खुर्ची रिकामी होती. आमचे वॉचमन सदूभाऊ चहासुद्धा खुर्चीतच पितात. मी लिफ्टची वाट न बघता जिना चढले. आमच्या दाराबाहेर सदूभाऊंचे काळे बूट होते आणि शेजारी कुणाच्या तरी चपला.

आत हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर सदूभाऊ, अंगात युनिफॉर्म, डोक्यावर सासऱ्यांचा फेटा. त्यांच्या मांडीवर पियू, त्यांची शिट्टी चावत बसलेली. समोर कोपऱ्यावरचा सलूनवाला वाटीत वस्तरा बुडवतोय. सासरे खुर्चीत, पेपरामागं. आणि सासूबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या.

"काय चाललंय हे?"

सदूभाऊ धडपडले. "ताई, आजी म्हणाल्या धा मिनिटांचं काम हाय, मामा व्हा. मी बोललो, मी रत्नागिरीचा. तर म्हणाल्या, चालतंय."

"मानलेला मामा चालतो," सासूबाई म्हणाल्या. "गावच्या गुरवाला फोन करून इचारलंय मी. आज उतरवू, केस पदरात बांधून नेते जत्रेला, भैरोबाच्या पायावर घालते. मग तू मोकळी. जा कुठं जायाचं तितं. पोरीला घिऊन जा."

म्हणजे त्यांनी मला परवानगी दिली होती. त्यांच्या पद्धतीनं, देवाकडून वाट काढून आणून. क्षणभर मी विरघळलेच. दहा मिनिटं, की सगळे खूश. वस्तरा पाण्यातून बाहेर आला, पियूनं ओल्या डोक्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला त्या डोक्यावर पाच डिग्रीचा वारा दिसला. त्याहून वाईट म्हणजे, मी लवकर आले नसते तर मला माझी मुलगी थेट तुळतुळीत झालेलीच दिसली असती.

"आई, वस्तरा खाली ठेवायला सांगा."

"अगं, पानी लावलंय. बसल्या पाटावरनं उठवू नये."

"मी उठवते. दोष मला लागू दे."

"मॅडम, मी काय करू?" सलूनवाल्यानं विचारलं.

"दादा, तुम्ही बसा. चहा टाकते."

"तुला जावळच नको हाय," सासूबाईंचा आवाज चढला. "शिकलेल्या तुम्ही."

"हवंय. मला ते गावी हवंय, भैरोबापुढं, निखिलच्या मांडीवर. आणि मी तिथं असताना. पुढच्या चैत्रात. तोवर ती ह्या जावळासकट जाईल, व्हिएन्नाला काय नि कुठं काय."

"आणि तितं तिला काय झालं तर?"

ताटातली निरांजनाची ज्योत हलत होती. त्यांनी ज्योतीला पदर आड धरला. मग मला उमगलं, गुरवाला फोन का केला ते.

"तीच भीती मला रोज वाटते, आई. ती ऐकत बसले तर मी बेलापूरलासुद्धा जाणार नाही."

"मी तुझ्याशी बोलणार न्हाई."

"नका बोलू. पण तिला तिथं ताप आला तर डॉक्टरच्या आधी मी तुम्हालाच फोन लावणार आहे. तेव्हा उचला."

त्यांनी ताट टेबलावर ठेवलं. सदूभाऊंच्या डोक्यावरचा फेटा काढला, घडी विस्कटू न देता सासऱ्यांच्या हातात दिला. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उचलीन. बोलणार न्हाई."

मी पियूला कडेवर घेतलं, ओढणीनं तिचे केस पुसायला लागले.

"चालेल," मी म्हणाले. "मी बोलीन."