मुतुआच्या दुकानात ठेवा

माझं शिलाई मशीन मी आमच्या मचाकोस शहराच्या फोनवरच्या लिलावगटात टाकलं. वीस वर्षं त्याने पोट भरलं, कवडीमोल द्यायचं नव्हतं. मुसाऊ नावाच्या माणसाने एकदम एकवीस हजार शिलिंगांची बोली लावली आणि बाकीचे गप्प झाले.

"कितुई गावाला जाणाऱ्या मटाटू गाडीत घाला, स्टँडवरच्या मुतुआच्या दुकानात ठेवायला सांगा," तो म्हणाला. मी मशीन पुसून पोत्यात शिवलं. सकाळी गाडीवर चढवणार, तोच त्याचा फोन आला.

"ताई, बायको नको म्हणते."

"बोली लावताना बायको माहेरी होती का रे?"

त्याने फोन कापला. तासाभरात क्यालोचा फोन आला. मुसाऊच्या खालोखाल त्याचीच बोली होती, नऊ हजारांची.

"ताई, तो पळाला ना? मी नेतो नऊला. कितुईच्या स्टँडवर मुतुआच्या दुकानात ठेवा."

मुसाऊ फिरल्याचं मी तर कुणाला बोललेच नव्हते.

"अरे भामट्यांनो, निदान दुकान तरी वेगळं सांगायचं!"

दोघांची नावं, नंबर आणि ही सगळी हकीकत मी गटात टाकली. खाली लिहिलं, "बोली पुन्हा पहिल्यापासून. जिंकेल त्याने माझ्या दारात यायचं, मशीन चालवून बघायचं आणि स्वतः उचलून न्यायचं. बायकोला विचारून या."