नातीच्या नाळेचे अस्तर

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचे जे पातळ अस्तर असते, त्या पेशी म्हणजे जणू पहारेकरीच होत. कोठे दाह झाला, की त्या अंगावर चिकट आकडे उगवितात. वाहत्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकून गडगडतात, थांबतात आणि फटीतून पलीकडे शिरतात. प्रयोगशाळेतील मदतनीस मामांनी हा प्रकार सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर शेकडो वेळा पाहिला होता. आजचे अस्तर मात्र त्यांच्या अकरा दिवसांच्या नातीच्या नाळेतून, मुलीच्या संमतीने, वाढविलेले होते.

दाह चेतविणारे औषध अजून घातलेच नव्हते. तरीही पंपाने सोडलेल्या पांढऱ्या पेशी एकाच जागी थबकू लागल्या. जणू कोणी त्यांचा पदर धरीत होते.

"मामा, पंपाची नळी नीट धुतली नाहीत," संशोधक बाई म्हणाल्या.

"तीनदा धुतली, बाई. आणखी धुतली असती तर विरघळली असती."

"मग नात भलतीच भांडखोर दिसतेय तुमची!"

दाहावाचून पेशी अशा थबकत नाहीत, हे मामांना पक्के ठाऊक होते. त्यांनी घरी फोन लावला.

"बाळ कसं आहे?"

"झोपलंय, बाबा. किती वेळा विचाराल?"

"बेंबी बघ तिची."

"अहो, आंघोळ घालताना तर..."

"बघ म्हणतो ना!"

दुपटे सरकल्याचा आवाज आला. मग मुलीचा स्वर पार बदलला. "बाबा, लाल झालीय. हात लावला तर चटका बसतोय."

रुग्णालयात वेळेवर नेले म्हणून बाळ बचावले. चौथ्या दिवशी दुपारी ताप उतरल्याचा निरोप आला, आणि त्याच घटकेस पडद्यावरील पांढऱ्या पेशी मोकळ्या वाहू लागल्या.

"चला, आटपलं. ओता ब्लीच," बाई म्हणाल्या.

प्रयोग संपला की पेशींच्या पात्रात ब्लीच ओतून त्या मारणे हे मामांचे नित्याचे काम. वीस वर्षांत त्यांनी ते कधी टाळले नव्हते. आज त्यांनी बाटलीचे झाकण उघडले मात्र, आणि पडद्यावरील यच्चयावत पांढऱ्या पेशी जागच्या जागी थांबल्या. पंप तर चालूच होता.

मामांनी झाकण घट्ट लावले. एकेक करून पेशी पुन्हा वाहू लागल्या.

"बाई, हे पात्र मी टाकणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर."

बाईंनीही ते पाहिले होते. त्या उठल्या आणि पेशी ठेवण्याच्या उबदार कपाटाचे दार त्यांनी उघडून धरले.