चौथ्या पायाखालचा पत्रा

ब्लोअरखाली साचलेली रबराची काळी भुकटी मी चिमटीत उचलली, तेव्हा मुनीम म्हणाला, "ते काई नाई मॅडम, नजर हाय."

नजर! मी वर्षाली, पहाटेची बस धरून अमरावतीहून अकोल्याला आलेली, हातात पंधरा किलोची पेटी, आणि हा गृहस्थ मला नजर सांगतो. मोटर आणि मशीन यांचे दांडे एका रेषेत आहेत की नाहीत ते तपासायचं, नसतील तर आणायचे, एवढंच माझं काम. रेष चुकली की दोन्हींना जोडणाऱ्या कपलिंगमधलं रबर घासून घासून त्याचं पीठ होतं. या डाळ मिलमध्ये दोन महिन्यांत चार रबरं गेली होती आणि एक मोटर जळाली होती.

दोष कुणाचा? म्हणे कौशल्याबाईंचा. डाळीचा कोंडा उडवणारा हा ब्लोअर नऊ वर्षं त्याच चालवत होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा नवरा वारला आणि त्याच आठवड्यात मशीनचं बेअरिंग गेलं. नऊ वर्षं फिरलेलं बेअरिंग, ते जाणारच की! पण मालक उत्तमरावांनी दोन्हींचा संबंध जोडला. मशीनची पूजा घातली आणि तेवढा वेळ बाईंना शेडबाहेर उभं केलं. आज सकाळी तर सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. घरात कमावणारं आता त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. मी आले तेव्हा त्या डबा मांडीवर घेऊन फाटकाशी बसल्या होत्या.

मोटरपाशी वाकले आणि नाकच दाबलं. सडलेलं लिंबू, बुरशी धरलेलं खोबरं, त्यावर मुंग्यांची रांग आणि सगळीकडे कुंकवात कालवलेलं ग्रीस. दसऱ्याला मीही माझ्या पेटीला हळदकुंकू लावते, पण दुसऱ्या दिवशी पुसून ठेवते. फडक्याने ती घाण खरवडता खरवडता मुनिमाला चार शब्द सुनावले. तो नुसता हसला.

मग बोल्ट ढिले केले. चार पायांची मोटर, पण एका पायाखाली वीट सरकवलेल्या बाजेसारखी डुगडुगायला लागली. चौथ्या पायाखाली बॅटरी मारून पाहिलं, तर तिथे तांब्याचा पत्रा. हिरवट पडलेला, वर चौकटी आणि आकडे कोरलेले.

"हे काय हाय?"

"यंत्र हाय," मुनीम आवाज खाली आणून म्हणाला. "महाराजांनं देल्लं. पूजेच्या दिवशी ठेवलं मालकानं."

"आन् पह्यलं रबर कवा गेलं?"

"पूजेच्या आठव्या दिवशी."

स्वतःचं उत्तर त्याच्या कानात शिरलं नाही. एक पाय उचललेला, वरून बोल्ट करकचून आवळलेले, मग मोटर वाकडी बसेल नाही तर काय होईल? स्वतःच्या हाताने बिघाड करून ठेवायचा आणि भाकरी हिसकायची दुसऱ्याची. मला त्या खोबऱ्यापेक्षा या माणसांची जास्त किळस आली.

पत्रा काढला, पाय घासून स्वच्छ केले, दांडे रेषेत आणले. तीन तास मोडले. ब्लोअर सुरू केला आणि मोटरवर एक रुपयाचं नाणं कडेवर उभं ठेवलं. ते जागचं हललं नाही.

उत्तमराव धावत आले आणि त्यांनी मोटरीला हात जोडले. "पाहा मॅडम! थे बाई शेडीतून गेली आन् मशीन कशी सुतासारखी सरळ चालून राहिली!"

माझं डोकं सणकलं. मी ब्लोअर बंद केला, चौथा बोल्ट ढिला करून पत्रा जिथे होता तिथेच सरकवला आणि पुन्हा आवळला.

"कौशल्याबाई बाहेरच हायेत ना?" मी विचारलं.

"हो, हे काय, फाटकाशी बसली," उत्तमराव म्हणाले.

मी बटन दाबलं. मोटर गुरगुरली, पायथा थरथरला. नाणं उभं करायला गेले तर ते ठरेचना, खणकन फरशीवर पडलं. रबर जळाल्याचा वास सुटला. कामगार जवळ येऊन पाहत होते.

"आता कोन आलं आत?" मी ओरडून विचारलं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी ब्लोअर बंद केला, पत्रा काढून उत्तमरावांच्या हातात दिला, मोटर पुन्हा रेषेत बसवली, ब्लोअर सुरू केला. नाणं उभं राहिलं. उत्तमराव मुनिमाच्या कानाशी लागून म्हणाले, "पाठव तिले आत."

मुनीम गेला तसा एकटाच परत आला. "थे नाई येत. म्हनते, सगळ्याइसमोर काढलं, आता सगळ्याइसमोर बोलवा. आन् मालकानंच बोलवा."

उत्तमरावांनी कामगारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पत्रा अजून हातातच होता.

"मी बोलवलं असतं हो मॅडम," ते म्हणाले, "पण या मशीनच्या आवाजात तिले काय आयकू येनार हाय?"

मी हात लांब केला आणि लाल बटन दाबलं. ब्लोअर हळूहळू थांबला. शेड इतकी शांत झाली की फाटकाशी डब्याचं झाकण वाजलेलं आत ऐकू आलं.

"बोला," मी म्हणाले.